पुकारा, सातासमुद्रापलीकडचा : ओयेझवर लॉ स्कूल प्रवेशाचे खटले ऐकताना

न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्यांनी उमेदवारीची वर्षे काढली आहेत, त्यांना पुकाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शिपायाने नाव पुकारले आणि पक्षकार व वकील दोघेही जागेवर नसले, तर वर्षानुवर्षे चाललेले प्रकरण क्षणात निकालात निघू शकते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आसनस्थ होत असताना तिथला मार्शल ‘ओये, ओये, ओये’ असा तीनदा पुकारा करतो. जुन्या नॉर्मन फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘ऐका’ एवढाच आहे. त्याच शब्दाचे नाव धारण करणारी ओयेझ ही विनामूल्य सेवा त्या न्यायालयातील तोंडी युक्तिवादांची ध्वनिमुद्रणे ऐकवते, आणि गेली काही वर्षे संविधानाचा पेपर शिकवताना मी ती नियमितपणे वापरत आलो आहे. हे परीक्षण मात्र संपूर्ण सेवेचे नाही. लॉ स्कूलचे प्रवेश आणि वंश या एकाच विषयावर तिचा कस कसा लागतो, एवढेच मी इथे पाहणार आहे.

विषय निवडण्यामागे एक घरगुती कारण आहे. माझी भाची न्यू जर्सीत वाढली. लॉ स्कूलचे अर्ज भरायला घेतले तेव्हा तिने फोनवर विचारले, “मामा, वंशाच्या रकान्यात ‘एशियन’ लिहिलं तर मला फायदा होतो की तोटा?” आरक्षणाच्या कायद्यावर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या मामाला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता आले नाही. मग आम्ही दोघांनी ठरवले की, कोणाचे लेख वाचण्याआधी मूळ खटले ऐकायचे. ती तिच्या गाडीच्या प्रवासात ऐकणार आणि मी सकाळच्या फिरण्यात.

ओयेझची सुरुवात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक जेरी गोल्डमन यांनी १९९०च्या दशकात केली. आज कॉर्नेल विद्यापीठाची विधी माहिती संस्था, शिकागो-केंट कॉलेज ऑफ लॉ आणि जस्टिया हे कायदेविषयक संकेतस्थळ यांच्या सहकार्याने ती चालते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅमेऱ्याला आजही प्रवेश नाही. परंतु ऑक्टोबर १९५५पासून युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण होत आले आहे, आणि ते या एका ठिकाणी खटल्यानिहाय लावून ठेवलेले मिळते. प्रत्येक खटल्याच्या पानावर वस्तुस्थिती, न्यायालयापुढील प्रश्न आणि निष्कर्ष थोडक्यात दिलेले असतात, कोणत्या न्यायमूर्तीने कोणत्या बाजूने मत दिले ते चित्रांसह दिसते आणि त्याखाली ध्वनिमुद्रण असते. ध्वनी सुरू केला की शब्दांकन त्याच्याबरोबर सरकत जाते, बोलणाऱ्या न्यायमूर्तीचे किंवा वकिलाचे नाव समोर येते आणि कोणत्याही वाक्यावर टिचकी मारली की ध्वनी नेमका तिथे जातो. ही शेवटची सोय वाचताना क्षुल्लक वाटेल. ज्याने तासाभराच्या ध्वनिफितीत एक वाक्य शोधण्यासाठी संध्याकाळ घालवली आहे, त्याला ती तशी वाटणार नाही.

या विषयाचा आरंभ मात्र ओयेझवर ऐकायला मिळत नाही, कारण तो ध्वनिमुद्रणाच्या आधी होऊन गेला. हेमन स्वेट या कृष्णवर्णीय अर्जदाराला टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलने केवळ वर्णावरून प्रवेश नाकारला, तेव्हा राज्याने त्याच्यासारख्यांसाठी वेगळे लॉ स्कूल काढून दाखवले. मूळ विद्यालयात १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ६५,००० ग्रंथ होते. खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत नव्या विद्यालयाची मजल ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी आणि १६,५०० ग्रंथ इथवर गेली होती. जून १९५०मध्ये न्यायालयाने स्वेटच्या बाजूने निकाल देताना या आकड्यांच्या पलीकडे जाऊन एक गोष्ट सांगितली. ज्या समाजात पुढे वकिली करायची त्या समाजातील बहुसंख्य माणसांपासून तोडलेले लॉ स्कूल कायद्याचे खरे शिक्षण देऊ शकत नाही, असे ते म्हणणे होते. स्वेटचे वकील थर्गुड मार्शल पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. त्यांचा हा युक्तिवाद कानांनी ऐकता आला असता तर, असे हे निकालपत्र शिकवताना दरवर्षी मनात येते.

ऐकण्याची सुरुवात म्हणून मी १९७४चा डिफ्युनिस खटला सुचवीन, आणि तोही एका विचित्र कारणासाठी. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलकडे १९७१मध्ये सुमारे १५० जागांसाठी सुमारे १,६०० अर्ज आले होते. कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे, अमेरिकेचे मूळनिवासी आणि फिलिपिनो अर्जदार यांचे अर्ज समितीने वेगळे ठेवून तपासले होते. मार्को डिफ्युनिस या श्वेतवर्णीय अर्जदाराने त्याला आव्हान दिले आणि कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशाने त्याला दरम्यान प्रवेशही मिळाला. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद चालू असताना तो अखेरच्या सत्रात दाखल झाल्याची माहिती पीठापुढे आली, आणि निकाल काहीही लागला तरी तो पदवीधर होणारच असल्याने पाच विरुद्ध चार मतांनी प्रकरण निरर्थक ठरले. आपल्याकडे प्रवेशाचे खटले निकाली निघेपर्यंत विद्यार्थी नोकरीला लागलेले असतात, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे ऐकताना परके वाटणार नाही. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र प्रश्नाला बगल न देता भिन्नमताचे निकालपत्र लिहिले आणि लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, म्हणजे एलसॅट, रद्द करण्यापासून सुरुवात करावी असे सुचवले. परीक्षेलाच प्रश्न विचारणारा तो आवाज पुढच्या पन्नास वर्षांत क्षीण होत गेला.

बाक्की खटला लॉ स्कूलचा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय विद्यालयाने १००पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखल्या होत्या, आणि प्रवेश नाकारल्या गेलेल्या अ‍ॅलन बाक्की या श्वेतवर्णीय अर्जदाराने त्याला आव्हान दिले होते. तरीही ऑक्टोबर १९७७चे हे ध्वनिमुद्रण ऐकल्याशिवाय पुढचे काही उमगत नाही, कारण पुढच्या पंचेचाळीस वर्षांची भाषा इथे ठरली. थर्गुड मार्शल आता पीठावर आहेत. बाक्कीचे वकील आपल्या अशिलाच्या हक्कांबद्दल बोलत असताना ते विचारतात की, वंचितांना काही हक्क आहेत की नाहीत. आणि वकील उत्तराची जुळवाजुळव करत असताना केक खाण्याच्या हक्काबद्दलचा एक कडवट शेरा मारतात. हा शेरा छापील पानावर वाचला तर विनोदासारखा दिसतो. कानांवर पडला की त्यातला थकवा कळतो. जून १९७८च्या निकालात न्यायमूर्ती पॉवेल यांचे मत निर्णायक ठरले. समाजाने केलेल्या सर्वसाधारण अन्यायाची भरपाई हा हेतू त्यांनी नाकारला, राखीव जागाही नाकारल्या, आणि विद्यार्थिवर्गातील वैविध्य हा एकच दरवाजा किलकिला ठेवला. तेव्हापासून अमेरिकेतील प्रत्येक विद्यापीठाला त्याच दरवाजातून आत यावे लागले.

आता मुख्य खटला. १ एप्रिल २००३ रोजी ग्रटर विरुद्ध बॉलिंजर या प्रकरणाची सुनावणी झाली, तेव्हा लोकांची उत्सुकता एवढी होती की न्यायालयाने ध्वनिमुद्रण त्याच दिवशी प्रसृत केले. याआधी असे फक्त २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या खटल्यात घडले होते. बार्बरा ग्रटर या मिशिगनमधील श्वेतवर्णीय महिलेने १९९६मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये अर्ज केला होता. तिची पदवीची सरासरी ४पैकी ३.८ आणि एलसॅटचे गुण १६१ होते. ही परीक्षा १२० ते १८० या मापावर मोजली जाते. आधी प्रतीक्षा यादी आणि मग नकार, असा तिचा प्रवास झाला. सुमारे ३५० जागांसाठी ३,५००हून अधिक अर्ज येणाऱ्या या विद्यालयाने कोटा ठेवला नव्हता. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांचा ‘क्रिटिकल मास’ हवा, असे त्याचे धोरण होते. एखाद्या समाजाचा विद्यार्थी वर्गात एकटा पडणार नाही, त्याने बोललेले प्रत्येक वाक्य त्याच्या समाजाचे अधिकृत मत मानले जाणार नाही, इतकी पुरेशी संख्या, असा त्या संज्ञेचा अर्थ.

तासाभराच्या या ध्वनिमुद्रणात जे घडते ते निकालपत्र शंभरदा वाचूनही कळत नाही. ग्रटरचे वकील कर्क कोल्बो घटनेने दिलेल्या वैयक्तिक हक्कापासून सुरुवात करतात. थोडे बोलून होते न होते तोच न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर त्यांना थांबवतात. हजारो अर्ज आणि मोजक्या जागा असतील तर विद्यालयाला निवड करावीच लागते आणि त्यात अनेक घटक येतातच, असे त्या शांतपणे म्हणतात. कोणत्या बाजूला पारडे झुकणार याचा अंदाज त्या स्वरावरून बांधण्याचा मोह मला प्रत्येक वेळी होतो, अर्थात निकाल आधीच ठाऊक असल्याने या अंदाजाला फारशी किंमत नाही. त्यानंतर केंद्र सरकारच्या वतीने ग्रटरला पाठिंबा देणारे टेड ओल्सन उभे राहतात, तेव्हा प्रश्न लष्करी अकादम्यांकडे वळतात. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी न्यायालयाला सादर केलेल्या निवेदनात, अधिकारीवर्ग केवळ एका वर्णाचा राहिला तर सैन्य चालणार नाही, अशी भूमिका होती. सरकारच्या स्वतःच्या अकादम्या प्रवेशात वंशाचा विचार करतात, मग सरकार इथे विरोध कसे करते, या प्रश्नावर ओल्सन यांची झालेली अडचण शब्दांकनात अर्धीच दिसते.

विद्यालयाच्या वकील मॉरीन महोनी यांच्या वाट्याला न्यायमूर्ती स्कालिया आले. त्यांचा आक्षेप असा होता की, ही अडचण मिशिगनने स्वतःच निर्माण केली आहे. उच्चभ्रू लॉ स्कूल चालवायचे, त्यासाठी सर्वोत्तम गुणांचेच विद्यार्थी घ्यायचे, त्यामुळे अल्पसंख्याक मोठ्या प्रमाणात बाहेर राहणार हे ठाऊक असूनही घ्यायचे, आणि नंतर वैविध्य हवे म्हणून घटनेला मुरड घालायची. वैविध्य इतकेच महत्त्वाचे असेल तर गुणांची अट खाली आणा. मला या युक्तिवादाचे नेहमीच आश्चर्य वाटते, कारण तो दोन्ही बाजूंना बोचतो. गुणवत्तेच्या मोजपट्टीला पवित्र मानणारे आणि ती अन्याय्य मानणारे असे दोघेही त्यातून काही ना काही उचलू शकतात, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी कोणीच दिले नाही.

त्यानंतरची प्रश्नोत्तरे मी वर्गात हमखास ऐकवतो. दोन टक्के म्हणजे क्रिटिकल मास होतो का, असे स्कालिया विचारतात. महोनी नाही म्हणतात. चार टक्के? तेही नाही. मग आठ? आठ ते बारा यांच्यामध्ये कुठेतरी असेल तर तो कोटा नाही आणि दहा म्हटले की कोटा, असे कसे, हा त्यांचा रोख आहे. छापील पानावर ही उलटतपासणी वाटते. ऐकताना मात्र महोनी किती सावधपणे, एक पाऊलही मागे न घेता उत्तर देतात हे लक्षात येते. त्यांना एकही आकडा उच्चारायचा नाही, कारण आकडा उच्चारला की खटला हरलाच, आणि आकडा नाही म्हटले की संज्ञा पोकळ ठरण्याचा धोका. मंडल आयोगापासून पन्नास टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत टक्केवारीची भाषा उघडपणे बोलणाऱ्या आपल्या देशातील विद्यार्थी ही कसरत ऐकून हसतात. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आकडा मनात आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे ना?” अमेरिकन कायद्याचा पेच इतक्या थोडक्यात मला कधी मांडता आला नव्हता.

ओकॉनर यांचा आणखी एक प्रश्न या ध्वनिमुद्रणात जपून ऐकावा. न्यायालयाने आजवर मान्य केलेल्या अशा कार्यक्रमांना कुठेतरी शेवट दिसत होता, इथे तो दिसत नाही, त्याचे काय करायचे, असे त्या महोनी यांना विचारतात. २३ जून २००३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी विद्यालयाच्या बाजूने लागलेला निकाल ओकॉनर यांनीच लिहिला आणि त्यात आजपासून २५ वर्षांनी अशा प्राधान्याची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा नोंदवली. हे वाक्य पुढे प्रचंड गाजले आणि कुठून आले म्हणून त्यावर बरीच चर्चा झाली; एप्रिलमधला तो प्रश्न ऐकला की त्याचे बीज सापडते. त्याच निकालपत्रातला लॉ स्कूलबद्दलचा भाग मला अधिक वजनदार वाटतो. राज्यांच्या राज्यपालांपैकी जवळपास निम्मे आणि सिनेटच्या निम्म्याहून अधिक सदस्य कायद्याचे पदवीधर आहेत. म्हणजे सत्तेकडे जाणारी वाट लॉ स्कूलमधून जाते, आणि ती वाट सर्व वंशांच्या गुणी लोकांना खुली आहे असे दिसले पाहिजे, असे त्या म्हणतात. स्वेटच्या निकालाचा धागा त्यांनी इथे पुन्हा हातात घेतला आहे.

ओयेझच्या पानावरील निष्कर्ष मात्र काही ओळींचा असतो, आणि या खटल्यात तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांचे भिन्नमत त्यासाठी मुळातून वाचायला हवे. १९९५ ते २०००च्या प्रवेशांचे आकडे त्यांनी मांडले आहेत : दरवर्षी प्रवेश देऊ केलेल्यांमध्ये कृष्णवर्णीय ९१ ते १०८, हिस्पॅनिक ४७ ते ५६ आणि मूळनिवासी १३ ते १९. एकटेपणा टाळण्यासाठी पुरेशी संख्या हाच निकष असेल, तर एका समाजाला शंभर आणि दुसऱ्याला पंधरा कसे पुरतात, हा त्यांचा सवाल आहे. दुसऱ्या बाजूने तज्ज्ञांची साक्षही वाचावी : वंशाचा विचार अजिबात केला नसता तर २०००च्या वर्गात या तीन समाजांचे विद्यार्थी १४.५ टक्क्यांऐवजी ४ टक्के राहिले असते. ओयेझ दाराशी नेऊन सोडते. घरात शिरायचे तर निकालपत्र हातात घ्यावेच लागते. त्याच दिवशी ऐकलेल्या ग्राट्झ या जोडखटल्यात पदवीपूर्व प्रवेशासाठी १५०पैकी २० गुण थेट वंशाला देण्याची पद्धत रद्द झाली, एवढे इथे पुरे.

जिंकलेल्या मिशिगनला त्या विजयाचा उपभोग फार काळ घेता आला नाही. नोव्हेंबर २००६मध्ये राज्याच्या मतदारांनीच असे प्राधान्य बंद केले आणि २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. कॅलिफोर्नियात तर अशीच बंदी घालणाऱ्या १९९६च्या जनमतानंतर, १९९७मध्ये बर्कलीच्या लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता, आणि त्यालाही प्रवेश आदल्या वर्षी मिळालेला होता.

३१ ऑक्टोबर २०२२ची सुनावणी ऐकायला जवळपास पाच तास लागतात, कारण हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्याविरुद्धचे दोन खटले एकामागून एक चालले. ते पदवीपूर्व प्रवेशाचे होते, पण २९ जून २०२३च्या निकालाने प्रवेशात वंशाला प्राधान्य देण्यावर घातलेले बंधन लॉ स्कूलनाही लागू आहे. ग्रटरच्या पीठाचा सूर आणि या पीठाचा सूर यांतला फरक ध्वनीतच कळतो. न्यायमूर्ती थॉमस नॉर्थ कॅरोलायनाच्या वकिलांना सांगतात की, वैविध्य हा शब्द आपण बराच वेळा ऐकला, पण त्याचा अर्थ काय याचा आपल्याला पत्ता नाही. हार्वर्डचे वकील सेठ वॅक्समन जेव्हा म्हणतात की, वाद्यवृंदाला ओबो या सुषिर वाद्याचा वादक हवा असलेल्या वर्षी ओबो वाजवणे जसे एखाद्या अर्जाचे पारडे झुकवते तसाच काही अर्जांत वंशही झुकवतो, तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स त्यांना आठवण करून देतात की ओबोवादकांवरून या देशात यादवी युद्ध झाले नव्हते. ओकॉनर यांच्या पंचवीस वर्षांचा हिशेबही अनेकदा निघतो. हे संपणार केव्हा, या प्रश्नाला विद्यापीठांचे वकील पुन्हा तारीख देऊ शकत नाहीत. रॉबर्ट्स यांच्या निकालपत्राने ग्रटरचे नाव घेऊन तो निकाल रद्द केला असे म्हटले नाही; तो व्यवहारतः रद्दच झाला आहे असे थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात सांगून टाकले. हार्वर्ड लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात २०२३मध्ये ४३ कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, २०२४मध्ये १९. एका विद्यालयाच्या एका वर्षावरून मोठा सिद्धान्त मांडू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो, आणि आकडाही सांगतो.

हे सगळे सलग ऐकून झाल्यावर माझ्या मराठी कानाला जे खटकले ते सांगतो. तासन्‌तासांच्या या वादात इतिहास जवळजवळ चोरपावलांनी येतो. मिशिगनच्या लिखित धोरणात ‘ज्यांच्याविरुद्ध ऐतिहासिक भेदभाव झाला असे समाज’ हा उल्लेख स्पष्ट आहे, पण वकिलांना त्यावर उभे राहता येत नाही, कारण ती वाट पॉवेल यांनी १९७८मध्ये बंद केली. म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश का द्यावा, तर त्यामुळे वर्गातील इतरांचे शिक्षण सुधारते म्हणून, असा उफराटा युक्तिवाद करावा लागतो. आपल्याकडे मद्रास राज्याचा जातवार प्रवेशाचा आदेश १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा काही आठवड्यांतच पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५चा चौथा खंड आला आणि सामाजिक मागासलेपण हे शब्द राज्यघटनेतच बसले. ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द त्यांच्या चौदाव्या घटनादुरुस्तीत आहेत आणि आपल्या चौदाव्या अनुच्छेदातही आहेत. या शब्दांच्या आधारे मांडायचा युक्तिवाद मात्र दोन देशांत पार वेगळा झाला. न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन यांचा नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यातला प्रश्न म्हणूनच चमकून उठतो. दोन अर्जदार कल्पा, असे त्या म्हणतात. एकाच्या घराण्याच्या पिढ्या यादवी युद्धाच्या आधीपासून या राज्यात आहेत आणि याच विद्यापीठात शिकल्या आहेत. दुसऱ्याचे पूर्वजही तितकेच जुने, पण ते गुलाम होते म्हणून इथे शिकू शकले नाहीत. पहिल्याने आपली कहाणी सांगितली तर ती मोजायची आणि दुसऱ्याची मोजायची नाही, असे कसे? कोल्हापुरात १९०२मध्ये सरकारी नोकरीतल्या निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाच्या मुलखातला श्रोता हे ऐकताना खुर्चीत सरसावून बसतो.

भाचीच्या रकान्याचा विषयही याच सुनावणीत निघतो. चिनी आणि अफगाण वंशाच्या अर्जदारांना एकाच शब्दाखाली कसे बसवायचे, अशा आशयाचे प्रश्न पीठावरून येतात, आणि न्यायमूर्ती गॉरसच यांनी आपल्या निकालपत्रात या सरकारी वर्गवारीची चिरफाड केली आहे. १९७०च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक श्वेतवर्णीयांत मोजले जात होते आणि १९७७च्या केंद्रीय निर्देशानंतर ते आशियाई झाले, ही हकिगत सांगितल्यावर भाचीला आधी खरीच वाटेना.

सेवेच्या मर्यादा तिच्या स्वरूपातून येतात. फक्त आवाज असल्याने सभागृहात कोण हसले, कोणी मान हलवली हे कळत नाही. निकाल जाहीर करताना न्यायमूर्ती जे बोलतात त्याचे ध्वनिमुद्रण बऱ्याच उशिरा, राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत मिळते. कनिष्ठ न्यायालयांतील साक्षीपुरावे इथे नाहीत, आणि प्रवेशाच्या खटल्यांचा अर्धा प्राण त्यातच असतो. इंग्रजी वेगवान आहे, टेक्सास ते ब्रुकलिन असे उच्चारांचे नाना प्रकार आहेत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या दिवशी दहा मिनिटेही जड गेली. समोर सरकणारे शब्दांकन नसते तर ती त्यांनी सोडून दिली असती. बिगर-व्यावसायिक वापराला परवानगी असल्याने मी निवडक भागांचे मराठी टाचण करून वर्गात वाटतो.

तुलनेसाठी आपल्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाहावे. सप्टेंबर २०२२पासून घटनापीठांपुढील सुनावण्या थेट दिसू लागल्या, आणि आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाचा खटला त्या पहिल्याच दिवसांत लोकांनी घरी बसून पाहिला. त्याचा निकाल ७ नोव्हेंबरला, हार्वर्डच्या सुनावणीनंतर अवघ्या आठवड्याने लागला. फेब्रुवारी २०२३मध्ये शिवसेनेच्या खटल्यापासून यंत्राने केलेले शब्दांकनही सुरू झाले. दृश्याच्या बाबतीत आपण पुढे आहोत. परंतु वाक्यावर टिचकी मारून त्या क्षणाला पोहोचता येईल, न्यायमूर्तीच्या नावाने प्रश्न शोधता येतील, अशा रीतीने हे भांडार कोणीतरी लावून ठेवायला हवे आहे, आणि ते काम एखाद्या विद्यापीठाने अंगावर घ्यावे. मंडल आरक्षणावरच्या इंद्रा साहनी खटल्याचे युक्तिवाद आपल्याला कधीच ऐकता येणार नाहीत. जे ऐकता येणार आहेत, ते तरी तासन्‌तासांच्या चित्रफितींत गडप होऊ नयेत.

नव्याने ऐकणाऱ्याने ग्रटरपासून सुरुवात करावी, मग मागे जाऊन बाक्की आणि डिफ्युनिस घ्यावेत, आणि पाच तासांची शेवटची सुनावणी दोन-तीन दिवसांत वाटून ऐकावी. भाचीने या क्रमाला फाटा देऊन थेट हार्वर्ड ऐकले आणि कंटाळली. मग ग्रटरवर आली. रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहायला हरकत नाही, असे म्हटले असल्याने तिच्यापुढे रकान्याऐवजी निबंधाचा प्रश्न उरला होता. दोन टक्के, चार टक्के, आठ टक्के ही प्रश्नोत्तरे ऐकून तिने गाडीतूनच निरोप पाठवला : “मामा, कॉलेजच्या शेवटच्या सेमिनारमध्ये आम्ही चाळीस जण होतो. एशियन मोजले तर अकरा. मराठी बोलणारी मी एकटी. यातला कुठला आकडा निबंधात लिहू?”